मे महिन्याच्या घामात व्हिस्की कशी प्यायची? (घरच्या घरी, कोकणातल्या सामानात)

माडाखालचा
मंडळी, मी देवगड तालुक्यात असतो, बागेचं काम आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबई-पुण्याची भावंडं येतायत, दहा-बारा जण, त्यात दोघी वहिन्या आणि एक आतेबहीण पण घेणाऱ्या आहेत. दरवर्षी एकच प्रकार, खंबा आणायचा, त्यात पाणी नाहीतर ते काळं गोड कोल्ड्रिंक ओतायचं आणि पंख्याखाली घाम पुसत बसायचं. संध्याकाळी सातला पण अंग चिकचिकतं, वारा पडलेला, त्यात व्हिस्की पोटात गेली की भट्टीच पेटते.

मला व्हिस्कीचंच काहीतरी गार, आंबट, हलकं करायचंय. बियर प्या म्हणून सांगणाऱ्यांना आगाऊ नमस्कार, बियर आम्हाला माहिती आहे. बिटर्स (कडू अर्काचे थेंब), व्हर्मुथ (मसाला घातलेली वाइन) असलं इथे मिळत नाही आणि मागवायचंही नाही. शेकर नाही. पुदिना बाजारात मिळतो पण घरी येईस्तोवर मान टाकतो. घरात आहे ते: आगळ, अमृत कोकम, कैऱ्या, लिंबं, आलं, गूळ, नारळ, परसात गवती चहा, आणि तिरफळं. व्हिस्की साधी देशी. सुचवा.

चाकरमानी
बियर प्या.

माडाखालचा
आलास? बरं.

सोडावॉटर
सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त बिघडवलं जाणारं म्हणजे हायबॉल. जपानी लोक जेवताना हेच पितात, व्हिस्की एक भाग, सोडा तीन ते चार भाग, बस. आपण करतो उलटं, कोमट ग्लासात साठ ओततो, मग दोन खडे बर्फ टाकतो ते लगेच विरघळतात, मग कोमट सोडा, आणि वर चमच्याने ढवळ ढवळ ढवळतो. गॅस सगळा हवेत. सोडा जितका गार तितका त्यात गॅस धरून राहतो, म्हणून सोड्याची बाटली रात्रभर फ्रिजमध्ये आडवी हवी, सकाळी आठवण झाली म्हणून तासभर ठेवलेली चालत नाही.

पद्धत अशी. उंच ग्लास बर्फाने काठोकाठ भरायचा, नुसता बर्फ ढवळून ग्लास गार करायचा, सुटलेलं पाणी ओतून टाकायचं. मग ४५ मिली व्हिस्की, परत ढवळायचं. मग सोडा कडेने हळू, बर्फावर धबधब नाही. शेवटी चमचा खाली घालून एकदाच वर उचलायचा. लिंबाची साल वरून पिळायची, रस नाही.

व्हिस्कीची बाटली सरळ डीप फ्रीजरमध्ये ठेव. ४० टक्क्याच्या वरची दारू घरच्या फ्रीजरात गोठत नाही, त्याला शून्याखाली पंचवीसच्याही पुढे जावं लागतं.

घाटावरचा
कोल्हापुरातून बोलतोय. व्हिस्कीत सोडा इथपर्यंत ठीक आहे. पुढे कोकम-कैरी सुरू होणार हे दिसतंय. व्हिस्की ही व्हिस्कीसारखी प्यावी, सरबत प्यायचं तर सरबत प्यावं. दोन्हीची वाट लावायची हौस कशाला.

प्रयोगशाळा
घाटावरचे, लिंबू-साखर-व्हिस्की हे काही आजचं इन्स्टाग्रामचं खूळ नाही. जेरी थॉमस नावाच्या अमेरिकन बारटेंडरने १८६२ साली पेयांच्या कृतींचं पुस्तक छापलं, त्यात सावर आहेत, म्हणजे दारू-लिंबू-साखरेची पेयं. म्हणजे आपल्याकडे १८५७ होऊन गेल्यावर पाच वर्षांनी तिकडे लोक दारूत लिंबू पिळत होते.

आणि दुसरं, मालक साधी देशी व्हिस्की म्हणालेत. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्क्यांचा पाया म्हणजे उसाच्या मळीपासून काढलेलं स्पिरिट, त्यात थोडा माल्टचा भाग आणि रंग-चव. युरोपात याला व्हिस्की म्हणून विकू देत नाहीत, तिथे धान्याचीच आणि निदान तीन वर्षं लाकडी पिंपात ठेवलेली लागते. तेव्हा पाप लागेल ही भीती सोडा. सिंगल माल्ट असती तर मी तुमच्या बाजूने भांडलो असतो.

घाटावरचा
मळी आमच्याकडचीच. तिचा तरी मान ठेवा 😄

बोंडू
सावंतवाडी. आमच्याकडे मार्च ते मे उर्राकचा सीझन, पलीकडे गोव्यात. काजूच्या बोंडूचा रस आंबवून पहिल्या धारेत निघतं ते उर्राक, ते परत उकळून काढलं की फेणी. उर्राक फेणीपेक्षा बरंच सौम्य. ते कसं पितात बघा: ग्लासात बर्फ, उर्राक, लिंबाचं गोड सोडा-ड्रिंक, लिंबाची फोड, मीठ, आणि एक हिरवी मिरची मधोमध चिरून. ती मिरची नुसती बुडालेली असते, तिखट फार उतरत नाही पण वास येतो आणि घशात जरा चुरचुरतं, त्याने उन्हात बरं वाटतं.

हीच सगळी रीत उचलून व्हिस्कीला लाव. फक्त गोड ड्रिंकच्या जागी साधा सोडा नि अमृत कोकम. मी करतो ते असं: व्हिस्की ४५, अमृत कोकम दोन मोठे चमचे, आगळ एक छोटा चमचा, अर्धं लिंबू, चिरलेली मिरची एक, भरपूर बर्फ, वर सोडा. आगळ जास्त पडलं की खारट ढाण, मग काही करता येत नाही.

चाकरमानी
आगळ आणि अमृत कोकम वेगळं असतं का? आमच्या डोंबिवलीत दोन्हीला कोकम सरबत म्हणतात.

बोंडू
तू गावचा ना रे?? रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवायची, पाक सुटतो तो अमृत कोकम. गोड. आगळ म्हणजे मिठात काढलेला रस, सोलकढीला लागतो तो. तुझ्या आईला विचार, नाहीतर नको विचारू, ती मनाला लावून घेईल.

प्रयोगशाळा
बोंडूंच्या कृतीत मीठ आहे ते महत्त्वाचं. चिमूटभर मीठ कडवटपणा दाबतं आणि फळाची चव वर काढतं. स्वस्त व्हिस्कीचा जो मागाहून येणारा कडूपणा असतो त्याला मीठ फार उपयोगी. बाहेरचे बारटेंडर मिठाच्या पाण्याचे थेंब मोजून घालतात, आपल्याकडे आगळात ते आयतंच आहे. म्हणजे आगळ हे आंबट आणि खारट दोन्ही कामं करतं. माडाखालचे, तुम्हाला बिटर्सची गरजच नाही.

मग मी म्हणतो पुढे जाऊ. सोलकढीत व्हिस्की? दाट नारळाचं दूध, आगळ, जरा आलं, बर्फ...

गजालीवाली
काय रे ह्या? सोलकढीत व्हिस्की?? मेल्यांनू, सोलकढी जेवान झाल्यार पिऊची असता, तेच्यात दारू घातल्यार आज्जी सपनात येऊन झाडू मारतली. धागो बंद करा.

शाकाहारी_भूत
+१. काही गोष्टींना हात लावू नये.

बोंडू
+१, आणि मी सगळं पितो तरी म्हणतोय.

प्रयोगशाळा
बरं बरं. तसंही ते नीट जमत नाही. गाईचं दूध आंबटाने फाटतं ते त्यातल्या केसीन या प्रथिनामुळे, ताज्या नारळाच्या दुधात ते नसतं म्हणून सोलकढी तशी फाटत नाही, पण दारू वाढली की तेल वर तरंगायला लागतं आणि ग्लास बघवत नाही. आज्जीला झोपू दे.

माडाखालचा
सोलकढी बाद, एकमताने. बोंडूचं लिहून घेतलं. कैरीचं कोणी केलंय का?

पन्हंवाली
केलंय आणि दरवर्षी करते. पण उकडलेल्या कैरीचं नाही, भाजलेल्या. चुलीच्या निखाऱ्यात कैरी सालासकट टाकायची, साल काळी कुळकुळीत होऊन आतून मऊ झाली की काढायची, गर पिळून घ्यायचा. त्या गराला धुराचा वास लागलेला असतो. गूळ, वेलची, मीठ, थोडं जिरं भाजून. केशर घालू नका, धुरापुढे त्याचा काही पत्ता लागत नाही आणि पैसे जातात.

यात व्हिस्की घातली की लोक विचारतात कुठली स्कॉच आहे. स्कॉटलंडच्या बेटांवरच्या काही व्हिस्क्यांना धुराचा वास असतो तो सातू पीटच्या धुरावर वाळवतात म्हणून, पीट म्हणजे दलदलीत साचलेला वनस्पतींचा थर, तो खणून वाळवून जाळतात. आपल्याकडे ते काम चूल करते. कुणाला कळत नाही की बाटली साधी आहे. माझ्या दिरांना आजतागायत कळलेलं नाही आणि ते इथे वाचत नाहीत.

प्रमाण: पन्ह्याचा दाट गर तीन मोठे चमचे, व्हिस्की ४५ ते ५०, गार पाणी किंवा सोडा अर्धा ग्लास, बर्फ. गाळून घ्या, नाहीतर धागे दातात.

सोडावॉटर
हे भारी आहे. हे मी करणार.

घाटावरचा
चुलीतली कैरी... ठीक आहे, हे मी एकदा घेऊन बघेन. पाहुणचार म्हणून.

पन्हंवाली
घाटावरचे, या. येताना काकवी आणा, गुळापेक्षा ती लवकर मिसळते.

चेकनाका
मालक, देवगडातनं गोवा किती लांब, बाटल्या तिकडनंच उचला की. निम्म्यात काम.

कायद्याचं_बोला
चेकनाका, आयडी शोभतोय पण सल्ला चुकीचा. गोव्यातली दारू महाराष्ट्रात आणणं हा इथे गुन्हा आहे, बांदा-इन्सुलीला गाड्या उघडून बघतात आणि गाडीसकट जप्त होते. "गोव्याच्या दुकानात परमिट देतात" हे तिकडच्या बाजूचं झालं, इकडचं उत्पादन शुल्क खातं ते मानायला बसलेलं नाही. शिवाय महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. दुकानात एक दिवसाचा पाच रुपयांत मिळतो, कोणी मागत नाही म्हणून कोणी घेत नाही तो भाग वेगळा. आणि वय २५ पूर्ण. पुतणे-भाचे कॉलेजातले असतील तर त्यांना नुसतं पन्हं.

चेकनाका
माफी साहेब. विषयाला धरून बोलतो, मिरची दोन घाला.

बर्फाचा_गोळा
सगळे कृतीत अडकलेत आणि मूळ गोष्ट कोणी बोलत नाहीये. बर्फ. कोकणात मे महिन्यात कॉकटेल फसतं ते बर्फापायी. फ्रिजमधल्या ट्रेचे बारके खडे दोन मिनिटांत पाणी, त्या पाण्याने सरबत पातळ, मग अजून व्हिस्की ओता. बर्फाचा एक ग्रॅम वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो, म्हणजे गारवा येतो तो वितळण्यातूनच, वितळणं वाईट नाही. पण ते सावकाश व्हायला हवं. मोठा खडा घ्या, त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने कमी, म्हणून तो टिकतो.

स्वच्छ काचेसारखा बर्फ हवा असेल तर पोळ्यांचा कॅसरोल घ्या. झाकण काढून पाण्याने भरून फ्रीजरमध्ये ठेवा. बाजूने आणि खालून गारवा पोचत नाही, वरूनच गोठत येतं, हवेचे बुडबुडे नि क्षार खाली ढकलले जातात. पूर्ण गोठायच्या आत काढायचा, खालचं पाणी फेकायचं, वरचा जाड पारदर्शक थर सुरीने फोडायचा. पाणी उकळून ठेवल्याने बर्फ पारदर्शक होतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं, त्याने फार फरक पडत नाही. आणि त्या दिवशी पोळ्या कशात ठेवायच्या ते घरात आधी विचारून घ्या.

चाकरमानी
इतकं कशाला, बंदरावरून लादी आणायची. लिलावाच्या वेळी हवी तितकी मिळते.

बर्फाचा_गोळा
अजिबात नाही!! तो मासळीचा बर्फ आहे, कुठल्या पाण्याचा असतो त्याचा नेम नाही. २०१८ पासून महाराष्ट्रात खाण्याचा नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे तो यासाठीच. निळा दिसला तर तोंडात नाही, आणि निळा दिसला नाही म्हणून खाण्याचा असेलच असं पण नाही. मात्र उपयोग आहे त्याचा. घमेल्यात ती लादी फोडून भरा, वर जाडं मीठ मारा, त्यात सोड्याच्या बंद बाटल्या गळ्यापर्यंत पुरा. मिठाने तापमान शून्याखाली जातं. दहा-बारा जणांच्या बाटल्या घरच्या फ्रिजात मावणार नाहीत, हे करावंच लागेल. ग्लासात घालायचा बर्फ घरचा. चार दिवस आधीपासून करून पिशव्यांत भरत राहायचं.

माडाखालचा
आणि लाईट गेली तर?

बर्फाचा_गोळा
मेमध्ये वळवाचं वारं सुटलं की जाणारच. फ्रीजर गच्च भरलेला असला की बराच वेळ टिकतो, रिकामा लवकर तापतो. आणि दार उघडून "बघू गेलाय का वितळून" करणारा एक काका प्रत्येक घरात असतो, त्याला बाहेर अंगणात बसवा.

तिरफळ_प्रेमी
आयडीनुसार बोलतो. तिरफळाचा पाक करा. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, उकळी आली की गॅस बंद, त्यात सात-आठ सुकी तिरफळं जराशी ठेचून, आतलं काळं बी काढून टाकून. झाकून गार होऊ द्या, गाळा. उकळत ठेवू नका, कडू होतं. बांगड्याच्या तिखल्यात घालतो तेच, पण गोडात त्याचा लिंबासारखा वास पुढे येतो आणि जिभेला हलकीशी झिणझिणी. व्हिस्की ६०, लिंबाचा रस २५, हा पाक २०. एका मध्यम कागदी लिंबातून पंधरा-वीस मिली रस निघतो, त्या अंदाजाने लिंबं आणा. बर्फ घालून जोरात हलवायचं. शेकर नाही म्हणालात, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा किंवा लोणच्याची काचेची बरणी चालते. बरणीचा लोणच्याचा वास गेलाय ना ते बघा, मोहरीचा वास जाता जात नाही.

आजीची_रवी
याच्यावर फेस हवा असेल तर अंड्याचा पांढरा बलक घालतात, सावरमध्ये. आधी बर्फाशिवाय हलवायचं, मग बर्फ घालून. मी डबा न हलवता रवीने घुसळते, फेस कितीतरी छान येतो. अंडं मात्र ताजं आणि ओळखीच्या घरचं. कच्च्या अंड्याची भीती असेल तर काबुली चणे शिजवलेलं पाणी घ्या, ते आटवून जरा चिकट झालं की तसाच फेस येतो. एका ग्लासाला दोन मोठे चमचे. चण्याचा वास लिंबापुढे कळत नाही.

शाकाहारी_भूत
छोल्याच्या पाण्याचा फेस!! दारूत शाकाहार सांभाळणारा मी एकटा नाही हे बघून भरून आलं.

वेळास_परत
गवती चहा आहे म्हणालात ना, मग मिंट ज्युलेप विसरा आणि ते करा. ज्युलेप म्हणजे बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की), साखर, पुदिना आणि चुरा बर्फ, अमेरिकेत केंटकी डर्बीच्या शर्यतीला पितात. त्यातली खरी गंमत पुदिन्यात नसून चुरा बर्फात आहे, धातूचा पेला बाहेरून पांढरा होतो, ओठाला थंड लागतो. आपल्याकडे घरोघरी पितळ्याचे, स्टीलचे पेले आहेत. आंबट असेल तर पितळ्यात कल्हईशिवाय घालू नका एवढं लक्षात ठेवा, स्टील बरं. बर्फ पंच्यात बांधून वरवंट्याने कुटा. गवती चहाची पात गाठ मारून गुळाच्या पाकात दहा मिनिटं ठेवा, मग काढून टाका. व्हिस्की ६०, पाक १५, काठोकाठ चुरा. वर गवती चहाचीच पात खोचा, पिताना नाकात वास गेला पाहिजे.

हापूसवाला
देवगडात राहून हापूस कोणी काढलाच नाही? आंब्याचा रस, व्हिस्की, बर्फ, मिक्सर. पाहुणे खूश.

माडाखालचा
हापूसवाले, आम्ही बागवाले. पेटीचा आंबा मिक्सरात घालून वर दारू ओतलेली वडिलांनी बघितली तर मला घरी राहायला मिळणार नाही.

पन्हंवाली
आणि चवीला पण जमत नाही. हापूसचा रस दाट नि गोड, त्यात आंबटपणा थोडा. व्हिस्की त्यात बुडते, घशाशी मात्र जळजळ राहते. रायवळ घ्या. बिटक्या चोखायच्या त्या. पातळ रस, आंबटगोड, पैसे नाहीत. चार-पाच पिळून गाळा, लिंबू, मीठ, व्हिस्की, सोडा. मुलं झाडाखालून वेचून आणतात, त्यांना तेवढंच काम.

शहाळं_शोधक
शहाळ्याचं पाणी राहिलं. ब्राझीलच्या किनाऱ्यावर, कॅरिबियनमध्ये व्हिस्की नि नारळपाणी हे अगदी नेहमीचं. यात बर्फ घालूच नका, पाणी पातळ होऊन चव मरते. अख्खं शहाळं आदल्या रात्री गार करा, तोंड फोडून दोन घोट पिऊन जागा करा, ३० व्हिस्की ओता, लिंबू पिळा. मलई नंतर चमच्याने. कुठलंही शहाळं नको, फार कोवळ्याचं पाणी मचूळ असतं, जरा मलई धरलेलं घ्या.

डॉक्टरकी
चांगलं चाललंय, दोन गोष्टी सांगतो आणि जातो. दारूने शरीरातलं पाणी धरून ठेवणारं हार्मोन दबतं, लघवी जास्त होते, वर घाम. गार आणि आंबटगोड लागतं म्हणून ही पेयं भराभर जातात, तीन ग्लास म्हणजे तीन पेग हे विसरायला होतं. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास साधं पाणी. बीपीवाल्यांनी आगळाचा हात आखडता, त्यात मीठ भरपूर असतं. पोट बिघडून मेट्रोनिडाझोल चालू असेल तर अजिबात नाही, झोपेच्या गोळ्यांवर पण नाही.

बंदरावरचा
आणि मी तिसरी सांगतो. पिऊन समुद्रात उतरायचं नाही. पाहुण्यांना ग्लास हातात द्यायच्या आधी सांगा. मे महिन्यात शेवटाकडे पाणी खवळायला लागतं, पायाखालची वाळू ओढून नेतं, आणि पट्टीचा पोहणारा आहे म्हणून सांगणारेच जास्त असतात. आम्हाला त्यांना काढायला जावं लागतं. बाकी चालू द्या, मी पण कोकमवालं करून बघणार आहे.

माडाखालचा
बंदरावरचे, शंभर टक्के. आंघोळी सकाळी, बैठक रात्री, आणि गाडीच्या चाव्या आईकडे.

गजालीवाली
एक विचारते. सगळ्यांनी ग्लासाचा लिवल्यानी, चकणो कोण करतलो? दरवर्षी बापये मांडी घालून बसतत आणि बायल माणसा चुलीकडे घामान निथळतत. यंदा वहिनी पण घेतली म्हणता ना?

माडाखालचा
बरोबर बोललात. यंदा चकणा असा ठेवायचा की आयत्या वेळी तळायला लागणार नाही. फणसाचे तळलेले गरे डब्यात आहेत, भाजलेले काजूगर, भाजलेला सुका बांगडा कुस्करून कांदा-खोबरं-लिंबू घालून. तो मी करेन, मला येतो.

आतेबहीण_नं_१
मी ती. हा धागा मी वाचतेय. कैरीवालं माझं, आणि लहान पेग नको, सगळ्यांना सारखं.

माडाखालचा
😳 तू इथे कधीपासून??

आतेबहीण_नं_१
तुझ्या आधीपासून. चुलीजवळ तू बस.

सोडावॉटर
😂😂 मालक, दहा-बारा जणांना एकेक ग्लास हलवत बसलास तर तुला प्यायला मिळणार नाही. आधी मिसळून ठेव. सोडा आणि बर्फ सोडून सगळं एकत्र, बाटल्यांत भरून फ्रीजरात. तिरफळवाल्याच्या सावरचं करायचं तर त्यात एकूण मिश्रणाच्या पाव हिस्सा साधं पाणी आधीच घाल, कारण हलवताना बर्फाचं पाणी मिसळतं ते इथे मिसळणार नाही, नाहीतर जहाल लागेल. लिंबू मात्र त्याच दिवशी पिळ, शिळा रस कडवट होतो. कोकमवाल्यातलं लिंबूही आयत्या वेळीच, बाकी अडचण नाही, आगळ टिकाऊच आहे.

प्रयोगशाळा
आधी करून ठेवायचं तर मिल्क पंच राहिलं की. व्हिस्की-लिंबू-साखरेचं मिश्रण दुधात ओतायचं, दूध फाटतं, ते पंच्यातून सावकाश गाळायचं, पहिलं गढूळ येतं ते परत त्याच चोथ्यावरून. खाली निवळ पाणी उतरतं, कडवटपणा चोथ्यात अडकून राहतो. बेंजामिन फ्रँकलिनने १७६३ साली एका मित्राला याची कृती पत्रातून पाठवली होती, त्याची ब्रँडीची होती. फ्रिजात बरेच दिवस टिकतं. स्वस्त व्हिस्कीला याच्याइतकं गुळगुळीत दुसरं काही करत नाही.

घाटावरचा
चक्का बांधतो तसं? आमच्याकडे दूध भरपूर आहे. हे करणार. कैरी पण आणि हे पण. काय व्हायचं ते होऊ दे.

चाकरमानी
गोटीसोड्याचं कोणी बोललं नाही. आमच्या बाजारात अजून मिळतो, ठॉक करून फोडतात.

सोडावॉटर
मिळत असेल तर नक्की घे, प्रेशर जबरदस्त असतो. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ ला त्या बाटलीचं पेटंट घेतलं, आतल्या गॅसच्या दाबानेच गोटी वर अडकून बाटली बंद राहते. फक्त साधा घे, लिंबू-मीठवाला नको, आगळाबरोबर दुप्पट खारट होईल.

माडाखालचा
तर ठरलं असं. पहिल्या रात्री बोंडूचं कोकम-मिरची, ते पटापट होतं आणि प्रवासाने सगळे तहानलेले असतात. दुसऱ्या रात्री भाजलेल्या कैरीचं, चूल पेटवायचीच आहे. तिरफळाचा पाक आज करून बघितला, झिणझिणी मस्त आहे, पण बायकोने त्यातला अर्धा लिंबू सरबतात वापरून संपवला त्यामुळे परत करायचाय. शहाळी रविवारी दुपारी, आणि तेव्हा व्हिस्की पाहिजे त्यानेच घालावी. ज्युलेप नाही करणार, बारा जणांचा बर्फ वरवंट्याने कुटायचा म्हणजे दुसऱ्या दिवशी माडावर चढायला हात वर जायचे नाहीत. बर्फाचा कारखाना आजपासून सुरू, कॅसरोल मिळाला, त्यावरून बोलणीही मिळाली.

शाकाहारी_भूत
एक शंका राहिली. फेसासाठी काबुली चण्याचं पाणी घेतलं. मग उरलेल्या चण्यांचं काय करायचं?

गजालीवाली
चकणो. आणि तो तू करूचो.